एका शेडमध्ये झालेलं शेजारच्या शेडला वेळेत कळायला हवं असेल तर काय करायचं

जूनमधली गोष्ट. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या शेजारच्या लेनमधल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात (नाव घेत नाही), बाहेर उघड्यावर पडलेलं ओलं बोरिंग, म्हणजे मशीनवर निघणारा लोखंडाचा कीस, तसंच भट्टीत टाकलं आणि आतलं लोखंड बाहेर उडालं. एकाचा हात आणि मान भाजली. आम्हाला हे कधी कळलं माहितीये? ऑगस्टमध्ये. ते पण आमच्याकडे अगदी तसंच झाल्यावर. नशीब की चार्जिंगवालं, म्हणजे भट्टीत माल टाकणारं पोरगं त्याच मिनिटाला पाणी प्यायला गेलेलं. सगळे छपराला चिकटलेले लोखंडाचे थेंब बघत उभे होते आणि एक हेल्पर शांतपणे म्हणाला, "तिकडं पण असंच झालेलं की ओ, मी तेव्हा तिथंच कामाला होतो."

म्हणजे माहिती आमच्या शेडमध्येच होती, दोन महिने डबा खात बसलेली. कुणी विचारलं नाही आणि त्याला पण सांगायचं सुचलं नाही.

मी क्वालिटीत आहे, त्यामुळे मालकांच्या मीटिंगला रिपोर्ट घेऊन जावं लागतं आणि डबा मात्र युनियनच्या लोकांबरोबर खातो. दोन्हीकडचं ऐकून एक गोष्ट लक्षात आली, की अपघाताची माहिती अर्धी अर्धी वाटलेली असते. मालकांच्या असोसिएशनला मशीन कुठलं, सप्लायर कोण, दुरुस्तीला काय लागलं, इन्शुरन्सवाला काय म्हणाला हे सगळं ठाऊक असतं. युनियनला हे ठाऊक असतं की त्या दिवशी डबल शिफ्ट होती, मशीनचा गार्ड, म्हणजे संरक्षणाचं झाकण, दोन महिन्यांपासून काढून कोपऱ्यात ठेवलेला आणि सुपरवायझरला आधी सांगून झालेलं. दोन्ही अर्धे एका कागदावर आले तरच तो कागद तिसऱ्याच्या कामाचा. तो कागद कसा आणायचा एवढंच लिहितोय, आम्ही जे करून बघितलं आणि जिथं आपटलो ते धरून.

आधी कुणाला कुणाशी बोलवायचं

मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो, कमिटी असते, त्यांचं त्यांचं चालतं. अडचण आपल्यासारख्यांची, पंधरा-वीस माणसांची मशीनशॉप, पन्नास जणांची फाउंड्री. इथं धड युनियन नसते, असली तर चार-पाच युनिट मिळून एक. आणि मालक तरी कुठं सेफ्टीवाला ठेवणार, तोच डिस्पॅच बघतो तोच बँकेत जातो. म्हणून हे काम एका कारखान्यात सुरू करू नका, एरियाच्या पातळीवर करा. बेळगावात चेंबर ऑफ कॉमर्स आहे, फाउंड्री क्लस्टर आहे, फाउंड्रीवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेची इथली शाखा आहे. या बाजूने एक माणूस ठरवा, शक्यतो ज्याची स्वतःची भट्टी आहे असा, ऑफिसातला सेक्रेटरी नको. युनियनच्या बाजूने पण एकच, आणि तो लाइनवर काम करणारा पाहिजे. भाषण चांगलं करतो म्हणून पुढाऱ्याला पाठवलं तर पहिल्या मीटिंगला पगारवाढ निघते आणि दुसरी मीटिंग होतच नाही. आमची नाही झाली.

दोघांनी बसून आधी नियम ठरवायचे. मोठं करार-बिरार काही नको, वहीत लिहून दोन सह्या. आमचे असे होते: कागदावर कारखान्याचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. चूक कुणाची हे लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. हा कागद बोनसच्या बोलणीत वापरायचा नाही, आणि हाच कागद दाखवून कामगाराला मेमो पण द्यायचा नाही. संप असो टाळेबंदी असो, हे चालू राहणार.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात गरजेचा तोच. बांगलादेशात २०१३ च्या २४ एप्रिलला राणा प्लाझा कोसळला, अकराशेच्या वर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच बिल्डिंगमधल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली आणि शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. म्हणजे माहिती तिथंपण होती. त्यानंतर कपड्यांचे परदेशी ब्रँड आणि कामगार युनियन यांनी मिळून करार केला, आणि त्यात कारखान्यांच्या तपासणीचे रिपोर्ट सगळ्यांना बघायला खुले ठेवायचं ठरलं. एरवी ही दोन्ही मंडळी एकमेकांच्या विरोधातलीच, पण रिपोर्ट उघडे ठेवले. एवढी मोठी माणसं बसू शकतात तर उद्यमबाग आणि मच्छेवाले का नाही?

एक गोष्ट मात्र स्पष्ट करून घ्या. हा आपसातला कागद म्हणजे सरकारला द्यायची नोटीस नाही. अपघातात माणूस गेला किंवा ४८ तास वा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कायद्याने कळवावंच लागतं, ते वेगळं आणि ते मालकाचं काम. आपण नाव लपवतो ते शेजाऱ्यापासून, इन्स्पेक्टरपासून नाही. सुरुवातीला काही मालकांना वाटलं की बरं झालं, आता आपसातच मिटतंय. तसं नाहीये.

काय सांगायचं

इथं खरा माल आहे. अपघात झाल्यावरचं सगळेच सांगतात, पेपरात पण येतं. सांगायचं ते 'थोडक्यात वाचलो' वालं. चेन सुटली पण खाली कुणी नव्हतं, ग्राइंडिंग व्हील फुटलं पण गार्डमध्ये अडकलं, लॅडलच्या (वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याच्या) तळातून गळायला लागलं पण वाळूत ओतलं. आपण काय करतो, हसतो, "देव तारी" म्हणतो, चहा पितो आणि कामाला लागतो. पुढच्या वेळी खाली कुणीतरी असतंच.

कागद एकच पानाचा. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही, मी पण नाही. आमचा पहिला कागद असा होता, जसाच्या तसा देतो:

"काय झालं: इंडक्शन भट्टीत चार्जिंग चालू असताना लोखंड वर उडालं. कुणाला लागलं नाही.
कशामुळे: बोरिंग ओलं होतं. ताडपत्री फाटकी. वरचं कोरडं दिसत होतं, पोत्याच्या तळाला पाणी.
आधी काय दिसत होतं: आदल्या दिवशी पण चर्र आवाज आला होता, सांगितलं नाही.
आम्ही काय केलं: बोरिंग छपराखाली घेतलं. पोतं उलटं करून बघितल्याशिवाय भट्टीजवळ आणायचं नाही. बंद डबा, पाइपचा तुकडा, जुना शॉकअप असा पोकळ माल वेगळा काढायचा.
तुम्ही आज काय बघा: तुमचा स्क्रॅप कुठं पडलाय ते जाऊन बघा."

बस. 'आधी काय दिसत होतं' ही ओळ युनियनवाल्याने घालायला लावली. मला आधी ती नको वाटत होती, उगाच कुणावर तरी येईल म्हणून, पण आता वाटतं पूर्ण कागदात तीच ओळ कामाची. आणि 'आम्ही काय केलं' ही मालकाच्या बाजूची, कारण छप्पर टाकायला खर्च किती आला हे तोच सांगू शकतो आणि दुसऱ्या मालकाला नेमकं तेच ऐकायचं असतं.

कारण पण थोडक्यात सांगा, नुसतं "करू नका" म्हटलं की पोरं ऐकत नाहीत. लोखंड १४०० डिग्रीच्या आसपास असतं, त्याच्या खाली पाणी अडकलं की त्याची एकदम वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते. एक वाटी पाणी म्हणजे १६०० वाट्या वाफ, आणि वर लोखंडाचं झाकण. हे एकदा सांगितलं की पोतं उलटं करायला सांगावं लागत नाही.

फाउंड्रीचंच बोलतोय कारण मला तेच येतं, पण चिक्कोडी, संकेश्वर, गोकाक बाजूच्या साखर कारखान्यांत हेच करता येईल, तिथं फक्त विषय बदलतो. गाळप संपलं की टाक्या साफ करायला माणसं उतरतात. मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी. आत सडलेल्यातून जो गॅस होतो त्याला आधी कुजक्या अंड्याचा वास येतो आणि गॅस वाढला की वास येणंच बंद होतं, कारण नाकच मरतं. आतल्याला वाटतं गेला गॅस. तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. गॅसबरोबर ऑक्सिजन पण बघायचा: हवेत तो २०.९ टक्के असतो, मीटरवर १९.५ च्या खाली दिसला तर उतरायचंच नाही. एका कारखान्याकडे गॅस मीटर असेल तर तो शेजारच्याला चार दिवस द्यायला काय हरकत आहे? माहिती वाटायची म्हणजे हे पण आलं. मीटर, दोरी, तिवई सगळं एका टेम्पोत मावतं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बायका चाळणीवर बसतात तिथली धूळ, वडगावच्या मागांचा आवाज, ही वेगळी प्रकरणं, त्यावर त्यातल्याच कुणीतरी लिहावं.

भाषेचं काय

आता नाजूक विषय. मी भाषेच्या भांडणात पडणार नाही, त्याला इथं भरपूर माणसं मोकळी आहेत. पण केमिकलच्या डब्याबरोबर जो सेफ्टी डेटा शीट येतो तो १६ भागांचा आणि इंग्लिशमध्ये. सरकारी नोटीस कन्नडमध्ये. लाइनवर अर्धे मराठी, काही कन्नड, आणि आता मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) ओडिशा-बिहारची पोरं, त्यांना हिंदीच. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १०८ मध्ये साधी गोष्ट लिहिलेली होती, की नोटीस इंग्लिशमध्ये आणि जास्तीत जास्त कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायची. जास्तीत जास्त कामगारांना कळणाऱ्या, एवढंच. आम्ही आमचा कागद मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत काढतो, एकाच पानावर तीन कॉलम, आणि कुणाला त्याबद्दल अजून राग आलेला नाही.

शीटचे सगळे १६ भाग भाषांतर करत बसू नका, मरून जाल. चार घ्या: धोका काय आहे, अंगावर-डोळ्यात गेलं तर काय करायचं, आग लागली तर कशाने विझवायची, हातात-तोंडावर काय घालायचं. कोअर शॉपचं (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथलं) रेझिन, हार्डनर, पेंटचं थिनर, अशा चार-पाच वस्तू तर बहुतेक सगळ्या फाउंड्रीत त्याच. म्हणजे एकदा केलं की शंभर ठिकाणी चालतं, आणि हे काम असोसिएशनने करायचं, कारण सप्लायरला फोन करून "शीट पाठवा नाहीतर माल थांबवतो" असं दम देऊन तेच बोलू शकतात. सप्लायर म्हणेल फॉर्म्युला गुपित आहे. असू दे की. आपल्याला फॉर्म्युला नकोय, डोळ्यात गेलं तर काय होतं ते हवंय. भाषांतर झाल्यावर युनियनच्या माणसाला वाचायला द्या, तो म्हणेल "श्वसनमार्गास क्षोभ म्हणजे काय ओ?" मग तिथं "घसा जळतो, खोकला येतो" लिहा.

अजून एक, आणि हा आपल्या सीमेवरच्या लोकांचा फायदा. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं फाउंड्र्याच फाउंड्र्या आहेत, सप्लायर बऱ्याचदा तेच, कामगार पण इकडून तिकडे जातात. महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडचं साहित्य मराठीत असतं, तिथल्या युनियन आणि असोसिएशनशी ओळख ठेवली तर तयार मराठी माल मिळतो. फक्त त्यातले नियम आणि फॉर्म महाराष्ट्राचे असतात, आपल्याला कर्नाटकच्या कारखाने व बॉयलर खात्याचे लागतात, तेवढा भाग कापून टाका. धोका दोन्हीकडे सारखाच.

कायदा किती वापरायचा

थोडा. धमकी म्हणून नको, माहिती मागायचं निमित्त म्हणून. २०२० चा व्यावसायिक सुरक्षा कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात कामगाराला सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क आहे. जीवावर बेतेल असं काही दिसलं तर मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवायचा पण हक्क आहे, आणि सेफ्टी कमिटी असेल तिथं तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असून चालत नाहीत. सेफ्टी ऑफिसर मात्र ५०० कामगार असतील तिथं, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. आपल्या लेनमधल्या बहुतेकांना हे लागूच होत नाही, म्हणून तर एरियाचा कागद लागतो. जिथं कमिटी आहे तिथल्या मीटिंगमध्ये आमचा कागद वाचायला लावा आणि त्यांच्या मीटिंगमधलं जे सगळ्यांच्या उपयोगाचं ते बाहेर द्यायला सांगा. मोठ्यांकडे शिकलेली माणसं असतात, छोट्यांकडे मार खाल्लेली. देवाणघेवाण होऊ शकते.

धुळीचं वेगळं

स्फोट दिसतो, धूळ दिसत नाही. शेकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) यातली वाळूची बारीक धूळ, सिलिका, फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस व्हायला वर्षं लागतात. तोवर माणूस तीन फाउंड्र्या बदललेला असतो आणि कुणीच म्हणत नाही आमच्याकडे झालं. सिलिकोसिस हा सरकारला कळवावाच लागणारा आजार आहे, पण डॉक्टर टीबी म्हणून गोळ्या देतात आणि विषय संपतो. याची माहिती वाटताना जपून. कुणाचा एक्सरे, कुणाचं नाव, काहीही ग्रुपवर टाकायचं नाही, ते त्याचं खाजगी आहे आणि उद्या त्याला कुणी कामावर घेणार नाही. आम्ही ठरवलंय की युनियनने फक्त एवढं सांगायचं, फेटलिंगमध्ये किती जण आहेत, त्यातले कितीजण चढ चढताना दमतात. असोसिएशनने सांगायचं कुठल्या शेडमध्ये धूळ ओढायचा पंखा बसवला आणि फिल्टर कधी बदलला. आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) डॉक्टरला सांगताना "फाउंड्रीत आहे, फेटलिंगला, इतकी वर्षं" हे तीन शब्द कामगाराने स्वतःहून बोलायचे, हे प्रत्येकाला पाठ करून घ्या. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

आवाजाचं पण तसंच. ९० डेसिबलला आठ तास ही मर्यादा, ९५ ला चार, १०० ला दोनच. मोबाइलवरचं ॲप अचूक नसतं पण दोन शेडमध्ये फरक दाखवायला पुरतं.

पोचवायचं कसं

व्हॉट्सॲप ग्रुप दोन ठेवा. एकात फक्त कागद येणार, बोलायचं नाही, ॲडमिन दोघे, एक तिकडचा एक इकडचा, आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय काही टाकायचं नाही. दुसऱ्यात काय बोलायचं ते बोला, गुड मॉर्निंग पण टाका. आम्ही आधी एकच ठेवलेला, त्यात गणपतीचे फोटो, लग्नाच्या पत्रिका आणि कुठल्या तरी देशातले भयंकर अपघाताचे व्हिडिओ येऊन कागद वाहून गेले. ते व्हिडिओ तर बंदच करा, बघून माणूस घाबरतो आणि शिकत काही नाही. फोटो टाकताना चेहरा नको, कंपनीचा बोर्ड नको, मशीनचा आणि तुटलेल्या जागेचा जवळून.

ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी एक मिनिटाची व्हॉइस नोट, शेडमधल्याच माणसाच्या आवाजात. आमच्याकडे एक मोल्डर बोलतो, निम्मं कन्नड निम्मं मराठी, आणि त्याच्या नोट लोक घरी पण ऐकवतात.

पण मोबाइलवर भरवसा ठेवू नका, कंत्राटी पोरं ग्रुपमध्ये नसतातच. ती आज इथं उद्या तिथं, युनियनची नाहीत, मालक म्हणतो ठेकेदाराची आहेत. आणि चार्जिंग, फेटलिंग, टाकीत उतरणं ही कामं त्यांच्याकडेच असतात. त्यांच्यासाठी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं, उभ्या उभ्या, कागद वाचून दाखवायचा. ठेकेदाराला आणि मुकादमाला त्या घोळक्यात उभं करा. आणि नवीन माणूस आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा, "आधी जिथं होतास तिथं काय काय झालं?" हा प्रश्न आम्ही जूनमध्ये विचारला असता तर ऑगस्टमध्ये छपराकडे बघत उभं राहावं लागलं नसतं.

वर्षातून एक दिवस मोठं काहीतरी करा. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, बिल्ले लावतात, शपथ घेतात, फोटो होतो. त्यापेक्षा मला खंडेनवमी बरी वाटते. त्या दिवशी मशीन बंद असतात, धुतलेली असतात, मालक-कामगार दोघे नारळ घेऊन शेजारी उभे असतात. पूजेच्या आधी सगळे मिळून प्रत्येक मशीनचा गार्ड, इमर्जन्सी स्टॉप, क्रेनची चेन बघून घ्यायची, आणि जे तुटलंय ते दुरुस्त होईपर्यंत त्या मशीनला हार घालायचा नाही. आमच्याकडे गेल्या वेळी एका प्रेसला हार मिळाला नाही. चार दिवसांत दोन हातांची बटणं बसली, म्हणजे दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही अशी.

सुरुवात करायची तर मे महिन्यात करा, पाऊस यायच्या आधी, पहिला कागद ओल्या स्क्रॅपचाच. पाठवल्यावर महिन्याने दोघांपैकी एकाने पाच शेडमध्ये चक्कर मारून बघायचं की ताडपत्री बदलली का. बदलली नसेल तर भांडू नका, विचारा का नाही बदलली, आणि ते उत्तर पुढच्या कागदात घाला. आमच्या तिसऱ्या कागदात फक्त एवढंच होतं, की ताडपत्री कुठल्या दुकानात, किती जाडीची घ्यायची आणि तिघांनी मिळून घेतली तर किती स्वस्त पडते. सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेला तोच.